वेरूळची राणी, मुक्काम बोगमाळो

गोव्याला चाललेय म्हटलं की आपल्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. नॉर्थ की साउथ? आणि ग्रुप कोणता? मी 'बोगमाळो, आणि ग्रुपमध्ये एक डेंटिस्ट बाई, एक सीए, इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरचा एक पोरगा आणि नेव्हीतून रिटायर झालेले एक काका' असं उत्तर दिलं, तेव्हा माझ्या रूममेटने नुसतं 'ओके' म्हटलं आणि इयरफोन कानात घातले.

कारण आम्ही विमानं बघायला चाललो होतो. त्यात बसायला नाही, बघायला. आणि तीही न उडणारी.

ही जमात तुमच्याही आसपास असणार, तुम्हाला माहीत नसेल एवढंच. कटिंग पिता पिता बोलणं अर्धवट सोडून वर बघणारा, 'ड्रीमलायनर' असं पुटपुटून परत चहाकडे वळणारा जो कलीग असतो ना, तो. यांना जरीमरीची टेकडी पाठ असते, कुठल्या वाऱ्याला कोणता रनवे लागतो ते पाठ असतं. त्यातही एक पोटजमात आहे, तिला नव्या विमानांचं फारसं कौतुक नाही. तिचं प्रेम प्रॉपेलरवर, रिव्हेट्सवर, तेलाच्या डागांवर. जुनी विमानं कुठे उभी आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, कोण त्यांना धुतं-पुसतं आणि कोण भंगारात काढायला बसलंय, याची खडान् खडा माहिती या मंडळींकडे असते.

मी त्यांच्यात शिरले ती कामाच्या निमित्ताने. २२ एप्रिल २०२४ला एअर इंडियाचं शेवटचं जम्बो, म्हणजे ७४७, मुंबईहून कायमचं गेलं. त्याचं नाव 'आग्रा'. आत प्रवासी नव्हते. अमेरिकेत प्लेनफिल्डला जाऊन त्याचे सुटे भाग काढायचे होते. चारशे शब्दांची फीचर स्टोरी, डेडलाइन संध्याकाळी सहा. उडाल्यावर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे झुकवून शहराला टाटा केला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पन्नाशीच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. ह्याच आपल्या डेंटिस्ट बाई. मी कोट मागितला तर म्हणाल्या, 'लिही, की हेही गेलं.' पुढे अर्धा तास त्या मला त्याआधी काय काय गेलं ते सांगत होत्या.

रात्री घरी फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, 'आप्पांची वही आहे माळ्यावर. हवी तर बघ.'

आप्पा म्हणजे माझे आजोबा. सांताक्रूझला एअर इंडियाच्या इंजिन शॉपमध्ये फिटर होते. मला ते आठवतात ते फक्त खोबरेल तेल आणि तंबाखूच्या वासाने. मी चार वर्षांची असताना गेले. वही निघाली ती जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची, वाण्याकडे उधारीला असते तशी. आत पेन्सिलने लिहिलेलं. 'झाशी आली.' 'अजिंठा, ३ नंबर उतरवलं.' 'वेरूळ, प्लग सगळे बदलले. तेल नेहमीचं.'

मला वाटलं आप्पा सहलींचा हिशोब ठेवत होते की काय! डेंटिस्ट बाईंना फोटो पाठवला तर त्यांचा पाच मिनिटांत फोन. आवाज चक्क थरथरत होता. 'अगं, या राण्या आहेत!'

झालं असं, की १९५४पासून एअर इंडियाने लॉकहीड कंपनीची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं घ्यायला सुरुवात केली आणि त्यांना राण्यांची नावं दिली. राणी ऑफ झाशी, राणी ऑफ अजंता, राणी ऑफ एलोरा. त्याआधीच्या साध्या कॉन्स्टेलेशन 'प्रिन्सेस' होत्या. त्यातल्याच 'मलबार प्रिन्सेस'ने ८ जून १९४८ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडन गाठलं, ही आपली पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा. तीच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५०ला माँ ब्लाँच्या बर्फात कोसळली, ४८ माणसं गेली. राजकन्यांचं नशीब काही फार चांगलं नव्हतं. 'काश्मीर प्रिन्सेस'मध्ये तर १९५५ साली बाँब ठेवला होता. राण्या त्या मानाने सुदैवी म्हणायच्या.

आणि आप्पांच्या वहीतली वेरूळ अजून आहे. गोव्यात.

सुपर कॉन्स्टेलेशन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी असं डोळ्यांपुढे आणा. विमान नळीसारखं सरळ नाहीच. पोटाशी हलकीशी कमान, नाक खाली झुकलेलं, एकंदरीत डॉल्फिनने उडी मारताना धरावा तसा आकार. मागे एक नाही, तीन शेपट्या. पाय उंच, बारीक, हाय हील्स घातल्यासारखे. याहून देखणं प्रवासी विमान माणसाने बनवलेलं नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय आणि मी त्यावर भांडायला तयार आहे.

इंजिनं मात्र महाखोडकर. राइट कंपनीची टर्बो-कंपाउंड, एकेकात अठरा सिलिंडर. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. चार इंजिनं. करा गुणाकार, १४४ प्लग. आप्पांच्या 'प्लग सगळे बदलले' या तीन शब्दांत किती तासांचं काम आहे, ते मला हा गुणाकार केल्यावर कळलं. शिवाय इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू फुकट कशाला घालवा, म्हणून त्यांच्या वाटेत तीन टर्बाइन बसवलेली. ती फिरायची आणि ती ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला मिळायची. एका इंजिनामागे साधारण साडेचारशे हॉर्सपॉवर जास्तीची. आयडिया सॉलिड, पण तापायचं, बिघडायचं. सुपर कॉनीला वैमानिक लोक 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनी विमान' म्हणायचे, कारण चौथं वाटेत कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. आप्पांनी वहीत या टर्बाइनना सरळ 'चक्री' म्हटलंय. 'वेरूळ, २ नंबर, चक्री गेली.' मॅन्युअल इंग्रजीत, साहेब इंग्रजीत, नोंद मात्र मराठीत.

१९६०मध्ये बोइंग ७०७ आली आणि दोनच वर्षांत एअर इंडिया पूर्ण जेट झाली. काही राण्या हवाई दलात गेल्या, पुण्याच्या सहा नंबर स्क्वाड्रनकडे. समुद्रावर टेहळणी हे काम. १९७६मध्ये ते काम नौदलाकडे आलं आणि विमानंही आली, दाबोळीला. १९८०च्या दशकात त्यांची सेवा संपली. १२ ऑक्टोबर १९९८ला बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम उघडलं, आणि वेरूळची राणी तिथे आवारात उभी राहिली. अंगावर आता नेव्हीचे रंग, नंबर आयएन ३१५.

तर डिसेंबर. दाबोळीला उतरून आम्ही थेट तिथेच. (बॅगा घेऊन. होय. बीच पाच मिनिटांवर असताना.) आवारात बाकीही दिग्गज आहेत. विक्रांतवरून उडालेल्या प्रकारचं सी हॉक, अलिझे, फेअरी फायरफ्लाय. आणि शॉर्ट सीलँड, पाण्यावर उतरणारं बुटकं विमान, आपल्या नौदलाने १९५३मध्ये घेतलेल्या अगदी पहिल्या विमानांपैकी. या प्रकाराची एकूण पंचवीसच्या आसपासच बनली, उरलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. थर्ड इयरवाला पोरगा तिथेच बसकण मारून बसला, त्याला कोणी हलवेना.

काका मात्र सरळ राणीकडे गेले. १९८०च्या सुमारास ते कोवळे टेक्निशियन म्हणून याच विमानांवर होते. खालून चालत गेले, इंजिनाच्या खाली थांबले, जमिनीकडे बघितलं. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, 'तेल. हिच्याखाली तेल नसलं तर समजायचं, तेल संपलंय.' आणि हसले. मला आप्पांचं 'तेल नेहमीचं' एकदम कळलं.

मग त्यांनी मला खरी गोष्ट दाखवली. विमानाचं ॲल्युमिनियम हे आपल्या घरातल्या पातेल्यासारखं नसतं, मिश्रधातू असतो, आणि खारा वारा हा त्याचा जन्माचा वैरी. जिथे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तिथे खारट ओलावा पोचला की चक्क छोटी बॅटरी तयार होते, आणि ती ॲल्युमिनियम खाते. पत्र्याच्या आतून थर सुटायला लागतात. काकांचा शब्द, 'चिरोट्यासारखं.' वरून रंग छान, आत चिरोटा. पोटाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, त्यात पक्ष्यांनी घरटं केलं की पाणी आत साचतं. म्हणून उघड्यावर ठेवलेलं विमान गोड्या पाण्याने धुवायचं, भोकं मोकळी ठेवायची, फटी बुजवायच्या, रंगाचा थर तुटू द्यायचा नाही, हे दरवर्षी, न कंटाळता. छताखाली न्यावं म्हटलं तर पंखांचा पसारा सदतीस मीटरच्या वर. तेवढं छप्पर म्हणजे एखादं मंगल कार्यालय झालं. समोर समुद्र, आणि वर्षाला चार महिने कोकणातला पाऊस. म्युझियमवाले जे करतात ते करतात म्हणून ती उभी आहे, हे काकांचं म्हणणं मला पटलं.

संध्याकाळी बीचवर भांडण झालं. जेवताना अशी भांडणं होणारच, हे या लोकांबरोबर फिरायचं तर गृहीत धरा.

सीएचं म्हणणं, उभं विमान म्हणजे पुतळा. विमान उडलंच पाहिजे. त्याचा पुरावा म्हणजे परशुराम. हवाई दलाचं ते डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८मध्ये स्वतःच्या पंखांवर भारतात आलं. राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलं, त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डकोटा चालवायचे. त्यावर नंबर आहे व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला सैन्य घेऊन गेलेल्या डकोटाचा. पोरगा लगेच उसळला, 'पण ते ते डकोटा नाहीच ना! नंबर रंगवलाय फक्त.' डेंटिस्ट बाई म्हणाल्या, आजीच्या पैठणीचे काठ काढून नव्या सिल्कला लावले तर ती आजीची पैठणी म्हणायची का? सीए म्हणाला, नेसता आली तर म्हणायची. यावर पाऊण तास गेला. माशाची कढी गार झाली.

खरं सांगायचं तर दोघंही अर्धे बरोबर. उडवायचं म्हणजे भाग बदलायचे, आणि भाग बदलत गेलं की जुनं काय उरतं? नाही उडवायचं, तर इंजिन म्हणजे काय हे पुढच्या पिढीला काचेतून कसं कळणार? ऑस्ट्रेलियात एका हौशी संस्थेने अमेरिकेच्या वाळवंटात पडलेली सुपर कॉनी स्वयंसेवकांच्या हातांनी नीट केली आणि १९९६मध्ये टुसॉनहून सिडनीला उडवत नेली. ग्रेट. पण दुसरीकडे लुफ्तान्सासारख्या बड्या कंपनीने २००७मध्ये कॉनीचीच मोठी बहीण, स्टारलायनर, लिलावात घेतली, दहा वर्षं पाण्यासारखा पैसा ओतला आणि २०१८मध्ये उडवण्याचा नाद सोडला. म्हणजे नुसता पैसा असून भागत नाही आणि नुसतं प्रेम असूनही दरवेळी जमतंच असं नाही.

आपल्याकडे एक तिसरा मार्ग झालाय, तो म्हणजे गरज. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला बी-२४ लिबरेटर बाँबफेकी विमानांचा ढीग पडला होता. करारानुसार ती वापरात ठेवायची नव्हती, म्हणून जाताना मोडतोड करून टाकलेली. नव्या देशाकडे जड बाँबर नव्हते आणि विकत घ्यायला पैसेही नव्हते. एचएएलच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक उभं केलं, उडण्यापुरतं ठाकठीक केलं, बंगळुरूला उडवत नेलं आणि तिथे नवं केलं. अशी चाळीसेक! १९४८पासून १९६८च्या अखेरीपर्यंत ती आपल्या हवाई दलात उडाली, तोवर बाकी जगाने आपली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. त्यामुळे आज लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये, ओटावात, ॲरिझोनातल्या पिमा म्युझियममध्ये जी लिबरेटर बघायला लोक तिकिटं काढतात, ती आपल्याकडून गेलेली आहेत. कोणी 'जतन' वगैरे करत नव्हतं हो. मिस्त्री लोक आपलं काम करत होते.

आणि तरी आपणच १९७१च्या युद्धातली विक्रांत, मुंबईच्या पाण्यात म्युझियम म्हणून उभी असलेली, २०१४मध्ये तोडायला काढली. तिच्या पोलादाची पुढे मोटरसायकल आली. माझ्या कॉलेजातल्या एका मित्राने ती घेतली होती. चांगली चालते, असं तो म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी परत म्युझियम, परत भांडण. पोराची मागणी, राणीला एअर इंडियाचे लाल-पांढरे रंग द्या, दारावर 'राणी ऑफ एलोरा' लिहा, फोटो काय भारी येतील! सगळ्यांना वाटलं मी पोराच्या बाजूने बोलणार, माझे आप्पा तिकडचे. काका काहीच बोलले नाहीत, ते नुसते दुसरीकडे बघत होते. मी म्हटलं, आहे तेच राहू दे. तिची शेवटची नोकरी नेव्हीत झाली, ती पुसून आधीची का रंगवायची? शेजारी एक पाटी लावा सगळी हकीकत सांगणारी, लोकांना वाचता येतं. पोरगा दिवसभर रुसला होता.

पण वहीचं त्रांगडं वेगळंच. आमच्या गटातल्या कुणाच्या तरी ओळखीने परदेशातल्या एका संग्राहकापर्यंत तिची बातमी पोचली. त्याने आकडा सांगितला. माझ्या अंधेरीच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा. फ्रीलान्सर आहात? मग तुम्हाला कळेल की मी तो ईमेल किती वेळा वाचला. अट एकच होती, वहीची कॉपी कोणाकडे नसावी. संग्रहाची किंमत त्यातच असते म्हणे.

बाबांना विचारलं. मला वाटलं ते चिडतील. तर म्हणाले, 'वीक की. चांगला लॅपटॉप घे.' बाबांना विमानांचं प्रेम नाही. त्यांच्या लहानपणी आप्पा रात्रपाळीला असायचे, दिवसा झोपलेले असायचे आणि चाळीतल्या त्या दीड खोलीत पोरांनी आवाज करायचा नाही, असा नियम होता. दिवाळीच्या पहाटेही आप्पा हँगरमध्ये. 'त्यांच्या राण्या होत्या, आम्ही कोण?' असं ते हसत म्हणाले, पण म्हणाले.

मी चार दिवस घेतले आणि नाही कळवलं. कारण साधं आहे. कुठल्या विमानाचा कोणता भाग कधी बदलला, काय वरचेवर बिघडायचं, कशाने बरं व्हायचं, हे ज्यात लिहिलंय तो कागद विमानाइतकाच दुर्मीळ. छापील मॅन्युअल मिळतात, ती कंपनीने काय ठरवलं होतं ते सांगतात. मुंबईच्या उकाड्यात प्रत्यक्षात काय झालं, ते फिटरच्या वहीत असतं. ते एका माणसाच्या कपाटात बंद होणार असेल तर माळा काय वाईट होता?

तर आता वही स्कॅन झालीये. ती गटाकडे आहे, आणि गटाच्या ओळखीतल्या परदेशातल्या दोन-तीन कॉनीवेड्यांकडेही. त्यांचा प्रॉब्लेम असा की त्यांना १४४ प्लग कळतात, 'चक्री' कळत नाही. म्हणून इंग्रजी करून द्यायचं काम माझ्याकडे, अर्थातच फुकट.

पण आप्पांचं अक्षर! आणि त्यांचे शॉर्टफॉर्म! 'पा. ढि.', 'गा. ब.', 'सा. बो.' शेवटी रविवारी बाबांना फोन लावायला लागले. पहिल्यांदा वैतागले. मग 'पा. ढि.' म्हणजे पाइप ढिला, हे त्यांनी एका दमात सांगितलं. 'गा. ब.' म्हणजे गास्केट बदललं. 'सा. बो.' काही केल्या लागेना. बुधवारी रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज. 'साहेब बोंबलले.' आणि खाली, 'पुढची पानं पाठव. मोठी करून पाठव, दिसत नाही.'

अठ्ठ्याऐंशीपैकी सव्वीस पानं झालीत. वेरूळचं २ नंबर इंजिन अजून खाली उतरलेलं आहे आणि नवीन चक्री यायचीये.